जुन्या गाडीच्या एअरबॅगचा रिकॉल : दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावी का?

प्राजक्त (ह्यूस्टन, टेक्सास) :

नमस्कार मंडळी.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलीसाठी २००८ सालची एक सेडान ओळखीच्या गृहस्थांकडून विकत घेतली. मुलगी १९ वर्षांची आहे आणि रोज कॉलेजला त्याच गाडीने ये-जा करते. घेण्यापूर्वी इंजिन, ब्रेक, टायर हे सारे विश्वासातल्या मेकॅनिककडून तपासून घेतले होते. एअरबॅगबद्दल विचारायचे मात्र आम्हाला सुचलेसुद्धा नाही.

टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) आमच्या नावावर होऊन चार महिने झाले असतील-नसतील, तेवढ्यात टपालाने एक पाकीट आले. ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे’ अशा जाहिरातींची पाकिटे आमच्याकडे दर आठवड्याला येतात, त्यामुळे हेही मी न फोडता स्वयंपाकघरातल्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवून दिले. तीन आठवड्यांनी तो गठ्ठा आवरताना पाकिटावर लाल अक्षरांत छापलेली सुरक्षा-रिकॉलची, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाडी माघारी बोलावल्याची, सूचना आणि वाहतूक खात्याचे चिन्ह दिसले, तेव्हा ते उघडले. पुढे बसणाऱ्या प्रवाशासमोरच्या एअरबॅगमधला इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा डबा, टकाटा या जपानी कंपनीचा असून अपघाताच्या वेळी तो फुटू शकतो, त्याचे धातूचे तुकडे गाडीत बसलेल्यांच्या अंगात घुसू शकतात आणि त्यामुळे गंभीर इजा किंवा मृत्यू ओढवू शकतो, असे त्या पत्रात सरळ लिहिले आहे. त्याच रात्री मी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घालून पाहिला. तिथे एक नव्हे, दोन रिकॉल अपूर्ण दिसले, कारण चालकाच्या बाजूची एअरबॅगही त्यात आहे.

सकाळी डीलरला फोन केला. (त्यांचे आणि गाडीच्या कंपनीचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.) भाग मागवावे लागतील, तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळेल आणि ‘तोपर्यंत गाडी चालवायला काही हरकत नाही, इतकी वर्षे चाललीच आहे ना’, असे उत्तर मला मिळाले. हे ऐकून जीव थाऱ्यावर राहिलेला नाही. शनिवारी देवळात जाताना सासूबाई नातीच्या शेजारी पुढच्याच सीटवर बसतात, कारण मागे बसले की त्यांना मळमळते.

तीन आठवडे गाडी चालवावी की नाही, हे मला आधी कळायला हवे आहे. एअरबॅगचा फ्यूज काढून ठेवला तर धोका टळेल, असे यजमानांचे म्हणणे आहे; ते बरोबर आहे का? एवढ्या जुन्या गाडीचे काम खरोखर फुकट होते, की ऐन वेळी बिल हातात पडते? आणि गाडी घेताना हे आम्हाला कुणीच कसे सांगितले नाही, हेही मनातून जात नाही. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दीपमाळ (टॅम्पा, फ्लोरिडा) :

प्राजक्तताई, गाडी आजच उभी करा आणि सासूबाईंना त्या सीटवर एकदाही बसवू नका. बाकीचे सारे सावकाश वाचले तरी चालेल.

असे ठामपणे लिहिण्याचे कारण तुमच्या शेजारच्याच परिसरातले आहे. मार्च २०१६ च्या अखेरीस ह्यूस्टनजवळच्या फोर्ट बेंड काउंटीत २००२ सालच्या होंडा सिव्हिकची पुढच्या गाडीला धडक बसली. धडक अशी होती की चालकाने स्वतःच्या पायांनी बाहेर यावे. पण एअरबॅग उघडताना इन्फ्लेटर फुटला आणि गाडी चालवणारी १७ वर्षांची मुलगी धातूच्या तुकड्याने मानेला झालेल्या जखमेमुळे दगावली. त्या गाडीचा रिकॉल आधीच निघालेला होता, दुरुस्ती मात्र झालेली नव्हती. इतकी वर्षे चाललीच आहे ना, हा डीलरचा युक्तिवाद म्हणूनच अगदी उलटा आहे. हा दोष वर्षागणिक वाढत जातो. जितकी गाडी जुनी आणि हवा जितकी उष्ण-दमट, तितका धोका अधिक. टेक्सासचा समावेश याच कारणासाठी सर्वाधिक जोखमीच्या ‘झोन ए’मध्ये केलेला आहे, फ्लोरिडा, लुइझियाना, हवाई आणि प्यूर्टो रिको हेही त्यातच येतात.

आता कामाचे. आमच्या घरी दोन गाड्यांचे इन्फ्लेटर बदलून झाले आहेत, त्यावरून सांगतो. डीलरशी बोलताना ‘एअरबॅगचे काम आहे’ एवढेच सांगू नका. संकेतस्थळावर दिसलेले दोन्ही रिकॉल क्रमांक आणि व्हीआयएन वाचून दाखवा, आणि दोन्ही भाग आपल्या नावाने मागवले का, ते कधी येणार, हे विचारून सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. ज्या डीलरकडे तुम्ही फोन केला त्याच्यापाशीच अडून राहण्याची गरज नाही. त्या कंपनीचा कुठलाही अधिकृत डीलर हे काम करतो, आणि तीस मैलांवरच्या दुसऱ्या डीलरकडे भाग शिल्लक असल्याचा अनुभव आम्हाला स्वतःला आला. तिथेही जमले नाही तर गाडीच्या कंपनीच्या ग्राहक-सेवेला फोन करून तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत मागा : काम होईपर्यंत वापरायला दुसरी गाडी, आपली गाडी न चालवता टो करून नेण्याची सोय, आणि शक्य असल्यास घरी येऊन दुरुस्ती. टकाटाच्या बाबतीत अनेक कंपन्या या सोयी देतात. मात्र त्या आपण मागितल्याशिवाय डीलरच्या खिडकीवरचा माणूस सहसा सांगत नाही. एवढे करूनही दाद लागली नाही तर नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेकडे, म्हणजे ज्यांना सगळे निट्सा म्हणतात त्यांच्याकडे, तक्रार नोंदवा.

पत्रात गाडी चालवू नका असा स्पष्ट आदेश आहे का, हे पुन्हा एकदा नीट वाचा. सगळ्या टकाटा रिकॉलना तो आदेश लागू नाही, पण वेळोवेळी तो दिला गेला आहे. २००१ ते २००३ या काळातल्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांमधले ‘अल्फा’ जातीचे इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता चाचणीत ५० टक्क्यांपर्यंत आढळल्यावर निट्साने त्या गाड्या चालवूच नका असे जाहीर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये २००५ ते २०१० च्या डॉज आणि क्रायस्लरच्या काही गाड्यांसाठी, तर मे २०२४ मध्ये निसानच्या २००२ ते २००६ च्या काही गाड्यांसाठी असाच आदेश निघाला. तुमच्या पत्रात ते शब्द नसले तरी माझा सल्ला बदलत नाही, कारण गाडी २००८ ची आहे, ती टेक्सासात आहे आणि चालवणारी आपली मुलगी आहे.

पैशांची काळजी करू नका. टकाटा इन्फ्लेटरच्या बदलीसाठी भागाचेही पैसे लागत नाहीत आणि मजुरीचेही नाहीत, गाडी कितीही जुनी असो आणि तुम्ही तिचे तिसरे मालक असा. काम सुरू असताना डीलर ब्रेक, फिल्टर वगैरेंची लांबलचक यादी पुढे करेल. ती स्वतंत्र गोष्ट आहे आणि तिला नकार दिल्याने रिकॉलचे काम अडत नाही.

तुम्हाला आधी कुणी सांगितले नाही, याला कायद्यातली एक मोठी फट कारणीभूत आहे. नवी गाडी अपूर्ण रिकॉलसह विकता येत नाही. ३५ पेक्षा जास्त गाड्या बाळगणाऱ्या भाड्याच्या कंपन्यांना २०१६ पासून अशी गाडी भाड्याने देता येत नाही. जुन्या गाडीची विक्री करणाऱ्यावर मात्र आधी रिकॉल पूर्ण करून घेण्याचे बंधन केंद्रीय कायद्याने घातलेले नाही. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना बहुधा स्वतःलाही ठाऊक नसेल. कंपनीची पत्रे राज्याच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावर जातात, आणि माणूस दोनदा घर बदलतो तोवर ती कुणाच्या तरी दारात पडून राहतात.

घाटवाट (डेट्रॉईट, मिशिगन) :

दीपमाळ यांनी लिहिलेल्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. फ्यूजचा प्रश्न मात्र उत्तराविना राहिला आहे, आणि त्याचे उत्तर समजण्यासाठी इन्फ्लेटर म्हणजे काय हे थोडे सांगावे लागेल. मी सीटबेल्टच्या यंत्रणांवर अठरा वर्षे काम केले आहे. एअरबॅगचे लोक आमच्या शेजारच्याच टेबलांवर असत.

एअरबॅग हवेच्या पंपाने फुगत नाही. स्टिअरिंगच्या मध्यभागी तबकडीच्या आकाराचा, तर प्रवाशासमोर डॅशबोर्डच्या आत नळकांड्याच्या आकाराचा पोलादी डबा असतो आणि त्यात ज्वलनशील रसायनाच्या दाबून घट्ट केलेल्या वड्या भरलेल्या असतात. धडकेचा संदेश मिळताच त्या पेटतात, त्यांचा वायू होतो आणि पापणी लवण्याच्या आत पिशवी भरते. वड्यांनी ठरलेल्या वेगानेच जळायचे, यावर सगळा हिशेब उभा असतो. हळू जळल्या तर पिशवी उशिरा भरेल, आणि फार वेगाने जळल्या तर डब्यातला दाब पोलादाला पेलणार नाही.

टकाटाने सुमारे २००० सालापासून या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरायला सुरुवात केली. ते स्वस्त आहे आणि थोड्या वजनात पुष्कळ वायू देते, पण त्याचे दोन दुर्गुण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि सुमारे ३२ अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकांची रचना बदलून त्यांचे आकारमान कमी-जास्त होते. पावसाळ्यात गोदामातल्या खताच्या गोणीला पाणी सुटते, मग ऊन पडले की तिचे ढेकूळ होते आणि पुढे त्याचा हाताने भुगा होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे समजवायला नको. टकाटाने रचना स्थिर ठेवण्यासाठी मिश्रणात इतर क्षार घातले होते, तरीही दमट हवेत रोज तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षे हेच चक्र चालत राहिले. ह्यूस्टनमध्ये जुलैच्या दुपारी पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. आतल्या वड्यांनी असे किती दिवस सोसले असतील त्याचा अंदाज करा. वड्या फुगतात, त्यांना भेगा जातात आणि त्या भुसभुशीत होतात. लाकडाचा ओंडका तासभर जळत राहतो, पण त्याचाच भुसा विस्तवावर उधळला तर क्षणात भडका उडतो, कारण आगीला मिळणारा पृष्ठभाग वाढतो. इथेही तेच घडते, आणि जो डबा नुसता वायू बाहेर सोडायचा तो स्वतःच फुटून त्याची धारदार छकले पिशवी फाडत समोरच्या माणसाकडे येतात.

वाहन कंपन्यांनी नेमलेल्या स्वतंत्र तपासणीचा निष्कर्ष फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाला, त्यात तीन कारणे एकत्र सांगितली होती : ओलावा शोषणारे रसायन सोबत न घालता वापरलेले अमोनियम नायट्रेट, आत ओलावा शिरू देणारी डब्याची बांधणी, आणि उष्ण-दमट हवामानातला दीर्घ काळ. यांतले एक नसते तर कदाचित निभावले असते. सुरुवातीच्या काही इन्फ्लेटरमध्ये याशिवाय कारखान्यातली चूकही होती. वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक आणि मेक्सिकोतल्या मोंक्लोव्हा इथल्या कारखान्यांत वड्या पुरेशा दाबल्या गेल्या नव्हत्या किंवा ओलाव्यात राहिल्या होत्या. होंडाने २००८ मध्ये पहिला रिकॉल काढला तो जेमतेम चार हजार गाड्यांचा होता. आज अमेरिकेतली संख्या सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरपर्यंत पोहोचली आहे आणि इथे २८ मृत्यूंची नोंद झाली आहे. जखमींची संख्या चारशेच्या घरात आहे.

मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा की हे सारे नुसत्या अज्ञानातून झालेले नाही. चाचण्यांचे खोटे आकडे वाहन कंपन्यांना दिल्याचे टकाटाने २०१७ च्या जानेवारीत अमेरिकी न्याय खात्यापुढे कबूल केले आणि १ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यातले ८५ कोटी वाहन कंपन्यांच्या भरपाईसाठी होते, तर इजा झालेल्या माणसांसाठी साडेबारा कोटी. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे तिचा बहुतेक व्यवसाय विकला गेला. आम्ही ज्या क्षेत्रात काम केले तिथे चाचणीच्या तक्त्यातला एक आकडा खोडून दुसरा लिहिणे म्हणजे कुणाच्या तरी गळ्यावर सुरी ठेवण्यासारखेच असते, हे त्या लोकांना माहीत नव्हते असे मी मानत नाही.

आता फ्यूज. तो काढला तर केवळ दोषी एअरबॅगच नव्हे, तर तिला चालवणारा संपूर्ण कंट्रोल युनिट बंद पडतो, आणि धडकेच्या क्षणी सीटबेल्ट आवळून धरणारी यंत्रणाही त्याच्यासोबत जाते. त्या युनिटमध्ये वीज काही काळ साठून राहते, म्हणून बॅटरी काढून स्वतः वायरींना हात लावणेही धोक्याचे आहे. दुरुस्ती करणाऱ्या दुकानालाही निट्साची परवानगी असल्याशिवाय एअरबॅग निकामी करण्याची कायद्याने मनाई आहे. पुढच्या एअरबॅगांनी अमेरिकेत २०१७ पर्यंत पन्नास हजारांहून अधिक जीव वाचवले असा निट्साचाच अंदाज आहे, त्यामुळे एअरबॅगशिवाय गाडी चालवणे हाही उपाय नव्हे. तीन आठवडे गाडी उभी ठेवणे हाच उपाय आहे.

एक गोष्ट प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने पाहावी. व्हीआयएनवर रिकॉल पूर्ण दिसत असला तरी तो गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या एअरबॅगचा असतो. पूर्वी अपघात होऊन कुणी भंगारातली एअरबॅग बसवली असेल तर ती संगणकाला दिसत नाही. नेवाडामध्ये २०१७ साली अशाच भंगारातून आलेल्या टकाटा इन्फ्लेटरने एक तरुणी जबर जखमी झाली होती. गाडीच्या इतिहासात एअरबॅग उघडल्याची नोंद असेल तर ते डीलरला आवर्जून सांगा आणि बसवलेला भाग कुठला आहे हे तपासून घ्या.

प्राजक्त (ह्यूस्टन, टेक्सास) :

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गाडी काल रात्रीपासून गॅरेजमध्ये उभी आहे आणि किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवली आहे. फ्यूजबद्दलचे उत्तर यजमानांना वाचून दाखवले. त्यांनी लगेच मान्य केले.

पत्र पुन्हा वाचले. गाडी चालवू नका असा थेट आदेश त्यात नाही, पण ताबडतोब दुरुस्ती करून घ्या आणि तोपर्यंत पुढच्या प्रवासी-सीटवर कुणाला बसवू नका, असे दुसऱ्या पानावर आहे. तो मजकूर पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटला होता आणि डीलरने तो सांगितलाही नाही. चालकाच्या बाजूचा रिकॉल या पत्रात नाहीच, तो फक्त संकेतस्थळावर दिसतो. एकाच गाडीची दोन पत्रे वेगवेगळ्या वेळी का निघतात?

दीपमाळ (टॅम्पा, फ्लोरिडा) :

प्राजक्तताई, कारण हा रिकॉल एका दमात निघालेला नाही. बदली इन्फ्लेटर एकाच वेळी कोट्यवधींच्या संख्येने तयार होणे शक्य नव्हते, म्हणून २०१६ पासून निट्साने हवामानाचा पट्टा आणि गाडीचे वय पाहून टप्पे पाडले. चालकाची आणि प्रवाशाची बाजू वेगवेगळ्या टप्प्यांत आली. आमच्या एका गाडीत तर सुरुवातीला बसवलेला बदली इन्फ्लेटरही ओलावा-शोषक नसलेल्या जुन्याच प्रकारचा निघाला आणि तो पुढे पुन्हा बदलावा लागला. त्यामुळे एकदा पावती मिळाली म्हणून विषय बंद करू नका. मी दर सहा महिन्यांनी घरातल्या सगळ्या गाड्यांचे व्हीआयएन तपासतो. तो १७ अक्षरांचा क्रमांक चालकाच्या बाजूला काचेच्या खाली बाहेरूनच वाचता येतो.

भरतीओहोटी (रत्नागिरी) :

हा धागा अमेरिकेपुरता आहे असे वाटून मी आधी नुसता वाचत होतो, पण झोन ए आणि दमट हवा हे शब्द वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवले नाही. आमच्या कोकणात तर मीठसुद्धा बरणीत ओले होते.

हाच रिकॉल भारतातही टप्प्याटप्प्याने झाला आहे आणि अनेकांना तो माहीत नाही. होंडाने जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० गाड्या या इन्फ्लेटरसाठी माघारी बोलावल्या, त्यात सिटी सर्वाधिक, म्हणजे ३२,४५६ होत्या. पुढच्याच वर्षी जानेवारीत २०१३ साली बनलेल्या आणखी २२,८३४ गाड्या आल्या. त्याआधीही मोठे टप्पे झाले होते. टोयोटानेही २०१७ मध्ये कोरोला आल्टिसच्या काही वर्षांच्या गाड्यांसाठी असा रिकॉल काढला होता.

माझ्या वडिलांनी २०१९ मध्ये पुण्याच्या एका गृहस्थांकडून २०१२ ची गाडी घेतली. कंपनीने त्या रिकॉलची पत्रे आणि संदेश मूळ मालकाला पाठवले होते. तोवर त्यांचा फोन क्रमांक बदललेला होता. आम्हाला हे कळले ते अगदी अपघाताने. टायर बदलायला गेलो असताना शेजारी उभ्या असलेल्या एकाने त्याच्या गाडीचे काम झाल्याचे सांगितले, म्हणून आरसी बुकावरचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहिला आणि आमची गाडी त्या यादीत निघाली. मधली साडेतीन वर्षे वडील त्याच गाडीने भातगाव, चिपळूण, देवरुख असे हिंडत होते आणि आई शेजारी बसत होती. सर्व्हिस सेंटरने चार दिवसांनंतरची वेळ दिली, काम दोन-अडीच तासांत झाले आणि एक रुपयाही घेतला नाही. पण ते साडेतीन वर्षांचे मनात आले की अजून अंगावर काटा येतो.

भारतातली कायद्याची बाजूही सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज आहेत. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती, कायदा नव्हता. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार केंद्र सरकार कंपनीला गाड्या माघारी बोलवायला भाग पाडू शकते आणि दंड १ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. टकाटाचा दोष तर गाडी म्हातारी झाल्यावरच डोके वर काढतो, त्यामुळे ज्या गाड्यांना संरक्षणाची खरी गरज आहे त्याच नियमाच्या बाहेर राहतात. मला ही तरतूद अजिबात पटत नाही, आणि तिच्यात बदल व्हावा यासाठी ग्राहक संघटनांनी आवाज उठवायला हवा. तोपर्यंत ज्यांचे आई-वडील गावाकडे दहा-पंधरा वर्षांची जपानी गाडी चालवतात त्यांनी आरसी बुकाचा फोटो मागवून क्रमांक स्वतः तपासावा. त्यांना ‘संकेतस्थळावर बघा’ असे सांगून ते होणार नाही.

निलगिरी (मेलबर्न) :

भरतीओहोटी यांच्या मुद्द्याला जोडून थोडे लिहितो. ऑस्ट्रेलियात २०१७ साली सिडनीत एका चालकाचा असाच मृत्यू झाल्यावर सरकारने फेब्रुवारी २०१८ मध्ये हा रिकॉल सक्तीचा केला आणि कंपन्यांना २०२० च्या अखेरीची मुदत घालून दिली. सुमारे ३० लाख गाड्यांमधल्या ४० लाख एअरबॅग त्यात होत्या. भाग मिळायला ठरावीक दिवसांपेक्षा उशीर झाला तर पर्यायी गाडी किंवा भाड्याची सोय कंपनीनेच करायची होती, आणि अतिधोकादायक इन्फ्लेटर न बदलणाऱ्या मालकांच्या गाड्यांची नोंदणी राज्यांनी थांबवली. माझ्या शेजाऱ्यांनी तीन पत्रांकडे दुर्लक्ष केले होते. नोंदणी अडल्याची सूचना आली त्याच आठवड्यात ते डीलरकडे गेले. जुन्या गाडीच्या मालकापर्यंत पोहोचायचा खात्रीचा रस्ता नोंदणीच्या कार्यालयातून जातो, असे मला तरी वाटते.

प्राजक्त (ह्यूस्टन, टेक्सास) :

मंडळी, काम झाले म्हणून कळवते आहे.

दीपमाळ यांच्या सांगण्याप्रमाणे मी दुसऱ्या डीलरला फोन केला, तर प्रवाशाच्या बाजूचा भाग त्यांच्याकडे होता आणि चालकाच्या बाजूचा चार दिवसांत येणार होता. कंपनीच्या ग्राहक-सेवेकडे दोन्ही रिकॉल क्रमांक वाचून दाखवले आणि सासूबाईंची गोष्टही सांगितली. त्यांनी टो करण्याची सोय केली व सहा दिवसांसाठी दुसरी गाडी दिली. पहिल्या डीलरने यातले काहीच सांगितले नव्हते, याची नोंद मी निट्साच्या तक्रारीत केली आहे.

काढलेला भाग मला पाहायचा आहे, असे मी आधीच सांगून ठेवले होते. तिथल्या तंत्रज्ञाने तो हातात दिला नाही, पण टेबलावर ठेवून दाखवला. मनगटाएवढे जाड, चंदेरी नळकांडे होते ते, एका टोकाला पिवळी वायर आणि अंगावर छिद्रांची रांग. वरून बघता त्यात काहीही वावगे दिसत नव्हते, ना गंज, ना डाग, ना चीर. ‘आत काय झाले आहे ते आम्हालाही दिसत नाही, म्हणून सगळेच बदलतो,’ असे तो म्हणाला आणि ते त्याने कंपनीकडे परत पाठवायच्या खास खोक्यात ठेवून खोके बंद केले. दोन्ही बाजूंचे मिळून अडीच तास लागले. पावतीवर दोन्ही रिकॉल क्रमांक आहेत आणि रकमेच्या जागी शून्य आहे. संकेतस्थळावर नोंद बदलायला आठवडाभर लागला. आज सकाळी दोन्ही ओळी तिथून गेलेल्या दिसल्या.

घाटवाट, तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाडीचा इतिहासही काढला. अपघाताची नोंद नाही.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या गृहस्थांना मी पत्राची प्रत पाठवली होती. त्यांना खरोखरच काही ठाऊक नव्हते. त्यांच्या पत्नीची त्याच कंपनीची २००९ ची गाडी आहे. तिचा क्रमांक आम्ही फोनवरच तपासला, तर प्रवाशाच्या बाजूचा रिकॉल अपूर्ण निघाला. त्यांची गाडी आता उभी आहे आणि गुरुवारी टो होऊन त्याच डीलरकडे जाणार आहे.